रीति भूतकाळ

मुलाच्या प्रत्येक उत्तराला शिक्षकाची दाद मिळालीच पाहिजे, दादेविना मूल म्हणजे पाण्याविना रोप, असं मार्गदर्शक बाई म्हणाल्या आणि सरावसरांच्या पाठाला त्यांनी दहापैकी चार गुण दिले.

"प्रबलन शून्य," त्या म्हणाल्या. "अख्ख्या तासात एकदासुद्धा 'छान' म्हणाला नाहीत तुम्ही."

"मॅडम, एका मुलाला 'बरोबर' म्हणालो होतो."

"बरोबर ही माहिती झाली. छान हे प्रबलन. मूल उत्तर देऊन तुमच्याकडे बघत उभं असतं. त्या क्षणी त्याला काय हवं असतं?"

सरावसरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "खाली बसायला हवं असतं, मॅडम."

बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. उत्तर खरं होतं. त्याला त्यांनी प्रबलन दिलं नाही.

सरावसर हे नाव मुलांनी ठेवलेलं. कागदोपत्री त्यांना छात्राध्यापक म्हणत, म्हणजे धड छात्र नाही आणि धड अध्यापकही नाही. लग्न ठरलंय पण झालं नाही अशा माणसाला नातेवाईक जसे वागवतात तसं शाळा त्यांना वागवायची. शिक्षकांच्या खोलीत बसायला जागा होती, पण ती दाराआडची. चहा मिळायचा, पण उरला तर. वर्गातली मुलं त्यांच्यापेक्षा अनुभवी होती. दर वर्षी या शाळेत सरावाचे शिक्षक यायचे, कुणी भूगोलाचे, कुणी विज्ञानाचे, प्रत्येकाच्या काखेत गुंडाळलेला तक्ता आणि कपाळावर घाम. सातवीतल्या मुलांनी असे इतके पाहिले होते, की नवा माणूस दारात उभा राहिला की मागच्या बाकावरून हळूच निदान व्हायचं, "पहिल्याच आठवड्यातला दिसतोय."

सरावसर वयानं पस्तिशीला टेकलेले. त्याआधी दहा वर्षं त्यांनी एका पादत्राणांच्या दुकानात, लोकांच्या पायाशी, बुटक्या स्टुलावर बसून काढली होती. तिथंही हीच तक्रार होती. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवला की बाकीचे विक्रेते "वा, काय शोभतोय" म्हणायचे. सरावसर बुटाच्या टोकावर अंगठा दाबून विचारायचे, "इथं लागतोय का?" आणि गिऱ्हाईक, ज्याला तोवर काहीच लागत नव्हतं, ते म्हणायचं, "हो, जरा लागतोय खरा." मालक म्हातारा होता तोवर हे खपलं. मुलानं गल्ला हातात घेतल्यावर पहिल्या महिन्यात सरावसरांना घरी बसवलं. बायको म्हणाली, "तुम्हाला मास्तर व्हायचं होतं ना? व्हा मग. दोन वर्षं माझ्या पगारात ओढू." ती एका दातांच्या डॉक्टरांकडे पुढच्या टेबलावर बसायची आणि दुखऱ्या माणसांना "पाचच मिनिटं हं" असं सांगायची.

चार गुणांच्या दिवशी सरावसर घरी आले ते जमिनीकडे बघतच.

"छान म्हणायला शिकायचंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

"त्यात काय शिकायचं?"

"तोंडात बसायला हवं. विचार न करता आलं पाहिजे. तू काहीही बोल, मी म्हणतो."

बायको भाजी चिरत होती. "आज डॉक्टर माझ्यावर दोनदा ओरडले."

"छान."

"अहो, ओरडले म्हणतेय मी."

"हो, पण पूर्ण वाक्यात सांगितलंस. प्रबलन वाक्याला असतं."

"घरातला गॅस संपत आलाय."

"उत्तम. शाबास."

"तुमच्या आईचा फोन होता, राहायला येतायत. महिनाभर."

इथं सरावसर जरासे अडखळले, पण मग म्हणाले, "छान." बायको इतकी हसली की तिला सुरी खाली ठेवावी लागली. "आणि फारच चांगलं उत्तर दिलं तर काय मिळतं?"

"मग वर्गाला टाळ्या वाजवायला सांगायचं."

"मला वर्ग कुठंय?"

सरावसर ओट्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. बायकोनं पदर सावरून वाकून दाद स्वीकारली. त्या घरात बऱ्याच महिन्यांत एवढं हसणं झालं नव्हतं.

आठवडाभरात छान तोंडात असं बसलं की उठेना. बसमध्ये वाहक म्हणाला, "पुढं सरका," तर सरावसर म्हणाले, "छान." वाहकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दारानं गेला. पाठाला सहा गुण मिळाले, मग सात. मार्गदर्शक बाईंच्या शेऱ्यांत आता दोनच गोष्टी उरल्या. एक, मुलींकडून उत्तरं कमी येतात. दोन, खिडकीशेजारच्या तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी असते, त्यामुळे वर्ग विस्कळीत दिसतो.

ती जागा सरावसरांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती. बाकावर खिडकीच्या बाजूला एक मुलगी बसायची. दोन वेण्या, बाही कोपराच्या खाली ओढलेली, कधी बोलायची नाही, कधी त्रास द्यायची नाही. तिच्या शेजारी कुणी नसायचं.

"इथं कुणी का बसत नाही रे?" त्यांनी वर्गप्रमुख मुलाला विचारलं होतं.

"असंच, सर."

"फळी मोडलीय का?"

"नाही, सर. असंच."

सरावसरांनी फळी दाबून पाहिली. मजबूत होती. तेवढ्यात तास संपला.

वर्गप्रमुख तसा कामाचा मुलगा. डाव्या-उजव्याचा विषय त्यानंच काढला होता. "सर, हातांचं ठरवायचं ना? मागच्या विज्ञानाच्या सरांनी ठरवलं होतं. येत असेल तर उजवा वर, येत नसेल तर डावा वर. म्हणजे सगळ्यांचे हात वर दिसतात. तुम्ही फक्त उजव्यालाच विचारायचं."

सरावसरांना ही फसवणूक वाटली. मग मागचे विज्ञानाचे सर पहिल्या वर्गात पास झाले असं कळलं, तेव्हा त्यांना ते शैक्षणिक तंत्र वाटलं.

शेवटचा पाठ मराठी व्याकरणाचा होता. काळ. यावर सगळं ठरायचं होतं. नऊ मिळाले तर पहिला वर्ग, तो मिळाला तर नोकरीच्या रांगेत उभं राहायची सोय. बायकोनं आदल्या संध्याकाळी तक्ता रंगवून दिला होता, चार घड्याळं, चार भूतकाळ: साधा, अपूर्ण, पूर्ण, रीति. पाठ टाचणात नेहमीप्रमाणे उभ्या रेघा मारलेल्या. डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. हे अध्यापनशास्त्राचं एक आश्चर्यच आहे. मूल काय बोलणार हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं असतं, आणि पुष्कळदा मूल तेच बोलतं.

तास सुरू व्हायच्या आधी सरावसरांनी शेवटच्या बाकावरच्या उंच मुलाला बोलावलं. "तू आज तिसऱ्या बाकावर बस."

"तिथं नको, सर."

"एक तासाचा प्रश्न आहे. बस."

उंच मुलगा गेला, आणि बाकाच्या अगदी कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर असा बसला. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. सरावसरांनी दारातून वर्ग एकवार न्याहाळला. भरलेला दिसत होता.

मागं दोन खुर्च्या होत्या. एकीवर मार्गदर्शक बाई पेन काढून बसल्या होत्या. दुसरीवर त्या वर्गाच्या नेहमीच्या शिक्षिका, ज्यांना मुलं वर्गबाई म्हणत. निवृत्तीला आलेल्या, एक गुडघा धरलेला. एरवी सरावाच्या तासाला त्या शिक्षकांच्या खोलीत जाऊन पाय लांब करत. त्या दिवशी म्हणाल्या, "बसते इथंच. मुलं जरा शांत राहतील."

पाठ झकास चालला. "भूतकाळ म्हणजे काय?" असं विचारल्यावर मागून कुणी तरी "भुतांचा काळ" म्हणालं, सरावसर न डगमगता "छान, कल्पना चांगली आहे" म्हणाले आणि वर्ग हसला, बाईंचं पेन हललं. साधा झाला, अपूर्ण झाला, पूर्ण झाला. मग त्यांनी फळ्यावर रीति भूतकाळ लिहिलं.

"एखादी गोष्ट पूर्वी नेहमी घडत होती, रोजची होती, आणि आता घडत नाही, ती आपण रीति भूतकाळात सांगतो. आजोबा पहाटे फिरायला जात असत. सांगा उदाहरणं."

हात वर झाले. उजवे, डावे, झाडून सगळे.

"आमचे मागचे सरावसर सारखे घाम पुसत असत."

"छान."

"माझी मावशी मला गोष्टी सांगत असे. आता तिला बाळ झालं."

"छान. फारच छान."

मार्गदर्शक बाईंनी मान वर केली आणि वर्गाच्या मुलींच्या बाजूला नुसतं पाहिलं. सरावसरांना तो इशारा कळला. मुली. त्यांची नजर धावत गेली आणि खिडकीपाशी थांबली, तिथं एक हात वर होता. वर्गाकडे तोंड करून उभं राहिलं की मुलांचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, हे गणित ते रोज न चुकता करायचे. त्या दिवशी बाईंच्या पेनाकडे बघता बघता ते चुकलं.

"हां, तू बोल."

मुलगी उभी राहिली. मांडीवरचं दप्तर तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. बोलेना.

"घाबरू नकोस," सरावसर मायेनं म्हणाले. मायेनं बोलण्याला वेगळा अर्धा गुण होता, पण ते खरंच मायेनं म्हणाले. "कुठलंही वाक्य चालेल. रोजचं. साधं. घरातलं, नाही तर वर्गातलं."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग फळ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाली, "माझा भाऊ इथं बसत असे."

"छान," सरावसर म्हणाले.

ते विचार न करता आलं. तसंच तर बसवलं होतं. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत, कारण टाचणात पुढची पायरी होती. चांगलं उदाहरण मिळालं की ते फळ्यावर घ्यावं. त्यांनी सुंदर अक्षरात ते वाक्य फळ्यावर घेतलं, 'बसत असे'खाली रंगीत खडूनं रेघ ओढली आणि वर्गाकडे वळले.

"कर्ता कोण?"

कुणी बोललं नाही.

"अरे, सोपं आहे. कर्ता कोण?"

"भाऊ," वर्गप्रमुख खाली बघून म्हणाला.

"छान. आणि तो आता इथं बसतो का?"

या प्रश्नासमोर अपेक्षित उत्तर म्हणून 'नाही' असं लिहिलेलं होतं. ते यायला जरा उशीर झाला. मग वर्गप्रमुखच म्हणाला, "नाही, सर."

"म्हणजेच ही झाली रीति. पूर्वी नेहमीची, आता नाही. किती नेमकं उदाहरण दिलं बघा हिनं. टाळ्या वाजवा तिच्यासाठी."

दोन-तीन टाळ्या वाजल्या, चुकून वाजल्यासारख्या.

"हे काय? जेवून नाही आलात का? मोठ्यानं वाजवा."

वर्गानं मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. सांगितलेलं ऐकणारा वर्ग होता. उंच मुलानं मात्र डोकं बाकावर टेकलं होतं. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वर्गबाई भिंतीला हात धरून उठल्या आणि गुडघा ओढत बाहेर गेल्या. सरावसरांना वाटलं, पाय आखडला असेल. मुलीला खाली बस म्हणायचं ते विसरले, आणि पाठ संपेपर्यंत ती दप्तर धरून उभी राहिली.

मार्गदर्शक बाई बाहेर पडताना म्हणाल्या, "नऊ." आयुष्यात त्यांनी कुणाला दहा दिले नव्हते. शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं: 'प्रबलन उत्कृष्ट. विद्यार्थ्यांकडून जिवंत उदाहरणे मिळवली.'

सरावसर तो शेरा मनात घोळवत ओसरीवर आले. तिथं वर्गबाई पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. नळ चालू होता आणि त्या पाणी पीत नव्हत्या.

"जुळी होती ती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुमचं जिवंत उदाहरण. भाऊ आणि ती. बालवाडीपासून एकाच बाकावर. एकदा वेगळं बसवून पाहिलं तर दोघांना ताप आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला एकट्यालाच आला. तो उतरला नाही."

सरावसरांच्या हातातला तक्ता उलगडायला लागला, तो त्यांनी आवरला नाही.

"शाळा उघडल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नाही ती. हजेरीला नुसता हात करते. आम्ही कुणी बोलायला लावलं नाही. म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल. आज बोलली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," वर्गबाई म्हणाल्या. "ती चूक माझी. दर वर्षी तुमच्यासारखे पाच-सहा येतात. प्रत्येकाला सांगायचं, मग प्रत्येक जण तिच्याकडे तसं बघणार, डोक्यावरून हात फिरवणार. पोरीनं किती जणांचे हात झेलायचे? मुलांना मीच सांगितलं होतं, बाहेरच्या कुणाला बोलू नका." त्यांनी नळ बंद केला. "पण डावा हात होता हो तिचा. ते तरी बघायचं."

"तुम्हाला हातांचं माहीत आहे?"

"सर, मी इथं तीस वर्षं आहे. ते माझ्याच सरावाच्या वेळी निघालं."

मधली सुट्टी झाली होती. सरावसर ओसरीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात रेघा मारल्या. डावीकडे: 'मला माहीत नव्हतं, माझं चुकलं.' उजवीकडे, अपेक्षित उत्तर: 'असू द्या, सर.' त्यांना दुसरं काही सुचेना. वर्षभर त्यांना बोलायचं असंच शिकवलं होतं.

वर्गात ती एकटीच होती. उंच मुलगा आपल्या जागी परत गेला होता, म्हणजे त्याचं दप्तर गेलं होतं. फळ्यावर त्यांच्या सुंदर अक्षरातलं वाक्य तसंच होतं. सरावसरांनी डस्टर उचललं.

"सर, थांबा ना. लिहून घ्यायचं राहिलंय माझं. मी उभी होते."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. तिनं वही काढली, मान तिरकी करून वाक्य उतरवलं, पट्टी लावून 'बसत असे'खाली रेघ मारली. घाई केली नाही.

"मला माहीत नव्हतं," सरावसर म्हणाले. "माझं चुकलं."

"हो, सर. तुम्ही बाहेरचे आहात." तिनं वही मिटली. "सर, एक विचारू?"

"विचार."

"आई अजून दूध गाळते. म्हणते, साय नको जायला, त्याला आवडत नाही. ते चूक ना?"

"कशात चूक?"

"काळात. 'आवडत नाही' हा वर्तमानकाळ झाला. 'आवडत नसे' पाहिजे. रीति."

'छान प्रश्न' हे शब्द सरावसरांच्या जिभेवर येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड इतकं घट्ट मिटलं की दात दातावर वाजले.

"व्याकरणात चूक आहे," ते म्हणाले.

"मग आईला सांगू?"

"नको."

"आमची तर सगळ्यांची वाक्यं दुरुस्त करता तुम्ही."

"तुमची परीक्षा आहे. आईची नाही."

यावर तिनं विचार केला. ते उत्तर तिला पटलं नाही, पण ते तिनं बाजूला ठेवलं, मोठ्या माणसांची उत्तरं ठेवतात तसं. "घरी मी पण तसंच बोलते," ती म्हणाली. "तो साय खात नाही, तो खिडकीकडे झोपतो, असंच. बाबा तर त्याचं नावच घेत नाहीत, त्यामुळं त्यांना काळ लागत नाही. आज पहिल्यांदाच नीट म्हटलं मी. तुम्ही म्हणालात, आता घडत नाही ते रीतीत सांगायचं, म्हणून." ती थांबली. "टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, बरोबर आलं."

सरावसर शेजारच्या बाकाला धरून उभे होते. त्यांचं लक्ष गेलं तेव्हा त्यांनी हात काढून घेतला. ती तीच जागा होती.

"मग आता घरी कुठलं बोलू, सर?"

ती त्यांच्याकडे बघत होती. तिला दाद नको होती, खाली बसायचीही घाई नव्हती. तिला उत्तर हवं होतं. घरी एक बाई दूध गाळत असणार, आणि तिच्याशी संध्याकाळी कुठल्या काळात बोलायचं हे या मुलीला ठरवायचं होतं. आईसारखं बोललं तर भाऊ असतो आणि ते चूक असतं. बरोबर बोललं तर आई ऐकणार. सरावसरांनी चार प्रकारचे भूतकाळ शिकवले होते, तक्ता लावून. यातला एकही दोघींना पुरणारा नव्हता.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

मार्गदर्शक बाई असत्या तर या उत्तराला किती गुण गेले असते कोण जाणे. मुलीनं मात्र मान हलवली. "बरं, सर," ती म्हणाली. "उद्या येणार तुम्ही?"

"नाही. सराव संपला आमचा आज."

"बरं."

घंटा झाली. मुलं आत आली, आणि सरावसरांना बघून जराशी थबकली. वर्गप्रमुखानं त्यांना तक्ता गुंडाळायला मदत केली आणि रबर लावून दिलं. मागोमाग गणिताचे सर आले. त्यांनी फळ्यावरचं वाक्य वाचलं नाही. "पुसा रे," ते म्हणाले, आणि कुणी तरी उठून पुसलं.

सरावसर तडक मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्या इतर छात्राध्यापकांचे गुण चढवत होत्या. सरावसरांनी झालं ते सगळं सांगितलं, मधे कुठं न थांबता. बाई ऐकत होत्या. एकदा त्यांनी चष्माही काढला.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "फारच वाईट. पण त्याचा तुमच्या गुणांशी संबंध नाही."

"माझे गुण कमी करा, मॅडम."

"कुठल्या कौशल्यात?"

सरावसरांनी मनातल्या मनात एकेक रकाना तपासला. प्रश्नांची भाषा स्पष्ट होती. फळ्यावरचं अक्षर सरळ होतं. उत्तराला लगेच दाद दिली होती, वर्गाला सहभागी करून घेतलं होतं. जिथं चुकलं होतं त्याला गुणतक्त्यात रकाना नव्हता.

"जा घरी," बाई म्हणाल्या. "पाणी प्या. पहिल्या वर्षी असं होतं."

"तुमच्याकडून झालं होतं?"

बाईंनी चष्मा चढवला आणि पुढचा कागद घेतला.

बायको त्यांच्या आधी घरी पोचली होती. दार उघडतानाच तिनं विचारलं, "किती?"

"नऊ."

"छान," ती म्हणाली. आणि त्या दिवसांत घरातली ती थट्टाच झाली होती म्हणून तिनं वर टाळ्याही वाजवल्या, दारातच, ओल्या हातांनी.

सरावसर चपला न काढता आत जाऊन भिंतीपाशी जमिनीवर बसले. तिला वाटलं, आनंदानं. मग तिनं पाहिलं. ती समोर बसली आणि त्यांच्या पायातल्या चपला तिनं काढल्या, एक, मग दुसरी. ते सांगत गेले. 'घरी कुठलं बोलू' इथं आल्यावर थांबले.

"मग? काय सांगितलंत?"

"माहीत नाही म्हणालो."

बायकोनं हातातली चप्पल दुसरीशेजारी नीट लावून ठेवली. "दवाखान्यात एक आजोबा येतात," ती म्हणाली. "दोघांची वेळ घेतात. स्वतःची आणि आजींची. दर वेळी. येतात एकटेच. मी दोन्ही लिहिते."

यावर सरावसर काहीच म्हणाले नाहीत. छान नाही, उत्तम नाही, काही नाही. ती उठून आत गेली आणि तिनं गॅसवर दूध ठेवलं.

पुढं यथावकाश निकाल लागला. सरावसरांना पहिला वर्ग मिळाला. त्या शाळेत त्यांचा सराव संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भूगोलवाल्यांची तुकडी आली, आणि वर्गप्रमुखानं त्यांच्याशी हातांचं ठरवून घेतलं. सातवीच्या सहामाहीला काळावर एकच प्रश्न आला. तो भविष्यकाळावर होता.